टर्बोभोवतीचं तेल: गळती कुठली, दोष कोणाचा

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात धान कापणीला येतं आणि बांध्यांत हार्वेस्टर, रस्त्यावर ट्रॅक्टर, राइस मिलच्या दारात ट्रक अशी सगळीकडे एकच धांदल उडते. याच दिवसांत लाखनी, साकोली, तुमसर, पवनीच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, "टर्बो ऑइल टाकतोय." लगेच दुसरं येतं, "मग बदलावा लागेल." पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहून बोललेलं असतं, दुसरं नुसत्या अंदाजानं. नवा टर्बो बसतो, हजारो रुपये जातात आणि थोड्याच दिवसांत नवाही ऑइल टाकायला लागतो. मग दोष जातो कंपनीवर, नाहीतर डुप्लिकेट मालावर. खरं कारण मात्र जिथल्या तिथेच असतं, कारण टर्बोभोवती तेल दिसलं म्हणजे टर्बो खराब झाला असं होत नाही. तेल तिथे का आलं हे शोधायला एक ठरावीक वाट आहे. त्यासाठी आधी टर्बो आतून कसा चालतो ते माहीत हवं.

टर्बोत एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एका पंख्याला फिरवतो. त्यासोबत फिरणारा दुसरा पंखा एअर क्लीनरमधून हवा ओढतो आणि दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जाळता येतं, म्हणून त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं. मोटारीत टर्बो आला तो 1962 साली, अमेरिकेत. पोर्शेच्या 911 टर्बोनं तर 1975 पासून या शब्दाला वेगाचं वलयच दिलं. आपल्याकडे मात्र तो डिझेलच्या मागून आला. राष्ट्रीय महामार्ग 53 वरून, म्हणजे जुन्या सहा नंबरवरून, नागपूर-रायपूर करणारे ट्रक, गावोगावच्या बोलेरो, मोठे ट्रॅक्टर आणि बांधीतले हार्वेस्टर या सगळ्यांत तो आहे. पुष्कळ हार्वेस्टरांत इंजिन अशोक लेलँडचं असतं. त्याच कंपनीचा एक कारखाना आपल्या गडेगावला आहे, तिथे बनतात ते मात्र गिअरबॉक्स.

आता त्या शाफ्टकडे या. तो करंगळीहून बारीक. ट्रकच्या टर्बोत मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, लहान गाडीच्या टर्बोत दोन लाखांच्या घरात जातो. एका टोकाला भारावर चाललेल्या डिझेल इंजिनाचा सहा-सातशे अंश सेल्सिअसचा वायू, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, मध्ये बोटभर अंतर. एवढ्या वेगात शाफ्ट बुशला टेकला तर काही क्षणांत संपेल. म्हणून तो टेकतच नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. वरून बारीक पाइपातून इंजिनाच्या पंपाचं तेल दाबानं येतं, बुशला वंगण आणि थंडावा देतं आणि खालच्या जाड पाइपातून चेंबरमध्ये परत जातं. या परतीच्या वाटेवर कुठलाही पंप नाही. तेल स्वतःच्या वजनानं खाली पडतं, तेही फेसाळलेलं, म्हणून हा पाइप जाड आणि जवळजवळ उभा ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट सीलची. गॅरेजांत "टर्बोचं सील गेलं" असं सर्रास म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्रँकच्या टोकाला असतं तसं रबरी ऑइल सील येतं. तसं रबर इथे घटकाभरही टिकणार नाही. टर्बोच्या शाफ्टवर पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल पूर्णपणे अडवत नाहीत, फट फक्त अरुंद करतात. तेल खरं अडतं ते दाबामुळे. दोन्ही पंख्यांच्या घरांत हवेचा किंवा वायूचा दाब मधल्या घरातल्या दाबापेक्षा जास्त असतो आणि तोच तेलाला आत ढकलून ठेवतो. हा तोल राहिला तर जुना, थोडा ढिला झालेला टर्बोही कोरडा राहतो. तोल गेला तर पेटीतून नुकताच काढलेला टर्बोही गळतो.

तोल जाण्याची कारणं बहुतेक वेळा टर्बोच्या बाहेर असतात. परतीचा पाइप चोंदला, दबला, किंवा चेंबरमधली तेलाची पातळी त्याच्या तोंडाच्या वर गेली, तर तेल मधल्या घरात साचतं आणि मिळेल त्या फटीतून निघतं. बांधीचं तोंड बुजलं की पाणी धुऱ्यावरून वाहतं, आणि कितीही नवा धुरा घातला तरी वाहतच राहतं. इथेही तसंच. इंजिनाच्या पोटात गॅसचा दाब वाढला तरी परत येणारं तेल तुंबतं. याला मिस्त्री "इंजिन बॅक मारतंय" म्हणतात. रिंगा झिजल्या, बोर खाल्ला गेला किंवा पोटातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदर चोक झाला की हे होतं. आणि एअर क्लीनर चोंदला की पंख्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि त्याच्यासमोर ओढ निर्माण होते. ती ओढ तेलाला सीलवरून हवेच्या बाजूला खेचते.

हे शेवटचं कारण आपल्या भागात सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलू. धान कापताना हार्वेस्टरभोवती जो धुरळा उठतो तो नुसती माती नसते. त्यात भुसा, तूस, तणसाचे तुकडे आणि धानाच्या साळीवरची बारीक कूस असते. ही कूस फिल्टरच्या कागदावर नमद्यासारखी बसते. वरून फिल्टर झटकला तर माती उडते, कूस तशीच राहते. राइस मिलच्या आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या ट्रकाचंही हेच. पुष्कळ गाड्यांच्या एअर क्लीनरवर एक छोटा दर्शक असतो, फिल्टर चोंदला की तो लाल होतो. जुन्या यंत्रांवर तो एकतर फुटलेला असतो किंवा कुणी पाहत नाही. हंगामात फिल्टर रोज बघावा आणि कंप्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं मारावी. बाहेरून जोरात मारलेली हवा कागदाला बारीक भोकं पाडते, आणि मग तीच कूस थेट पंख्याच्या पातींवर जाऊन आदळते.

आता शोध सुरू करू. गाडी थंड असू द्या. टर्बो आणि आसपासचा भाग डिझेलनं किंवा डिग्रीजरनं धुऊन, फडक्यानं पुसून कोरडा करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण टाळतात. तेलानं माखलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे निव्वळ तर्क. कोरड्या भागावर अंगाला लावायची साधी पावडर हलकेच भुरभुरवा. मग गाडी सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा आणि बॅटरी लावून बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ लगेच दिसते. त्या रेघेचं सर्वांत वरचं टोक गाठा. तेल वाहतं खाली, आणि रेडिएटरचा पंखा ते मागे उडवतो. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ती वर आणि बहुधा पुढे असते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल मॅनिफोल्डवरून टर्बोवर येतं आणि बदनाम टर्बो होतो. असं पुन्हा पुन्हा घडतं.

रेघ तेल आणणाऱ्या बारीक पाइपाच्या बँजो बोल्टपाशी संपत असेल तर काम सोपं आहे. तिथली तांब्याची वायसरं एकदाच वापरायची असतात. जुनीच पुन्हा घालून बोल्ट जास्त आवळला तर गळती थांबत नाही, आटे मात्र जातात. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या होजच्या क्लिपपाशी ओल असेल तर क्लिप ढिली आहे किंवा होज चिरलं आहे. त्या हवेत ब्रीदरमधून आलेलं तेलाचं थोडं धुकं असतंच, फटीतून बाहेर पडताना ते तिथे चिकटतं. यात टर्बोचा दोष नाही, पण दुर्लक्षही करू नका. हवा वाया जाते म्हणून टर्बो जास्त वेगानं फिरत राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. इंटरकूलरच्या पाइपात बोट फिरवल्यावर पुसटसं तेल लागणं स्वाभाविक आहे. पाइप वाकडा केला आणि तेल ओतल्यासारखं आलं, तर काळजी करा.

बाहेरून सगळं कोरडं आहे, तरी तेल कमी होतंय आणि धूर निळा येतोय, अशा वेळी आतून पाहावं लागतं. एअर क्लीनरकडून टर्बोत येणारा पाइप काढा. त्या पाइपात, म्हणजे पंख्याच्या आधीच, तेल साचलेलं असेल तर ते टर्बोतून आलेलं नाही. पुष्कळ गाड्यांत ब्रीदरची नळी याच पाइपाला जोडलेली असते आणि तेल तिथून येतं. नळी काढून तिचं टोक बाटलीत सोडा, पाइपाचं भोक बुचानं बंद करा आणि गाडी थोडी चालवून बघा. पाइप कोरडा राहिला तर दोष इंजिनाच्या पोटातल्या दाबाचा किंवा ब्रीदरच्या जाळीचा. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, तेव्हापासूनच्या गाड्यांत ही नळी पुन्हा जोडायला विसरायचं नाही, ब्रीदर उघडा सोडलेला चालत नाही.

पोटातला दाब बघायला महागडं साधन लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवा, तेल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. ते थोडं थरथरेल, पण उडून पडलं तर इंजिन जोरात बॅक मारतंय. याहून नेमकं हवं असेल तर गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. तिला इंग्रजी यू आकार देऊन थोडं पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवा आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजा. तो कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. ब्रीदर साफ करून पुन्हा मोजा. फरक पडला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही पडला तर बोर-पिस्टनचं काम निघालं आहे, आणि ते टाळून टर्बो बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

त्यानंतर परतीचा पाइप. तो दोन्ही टोकांनी सोडवून आरपार उजेडात धरा. आत काळा, कडक कोळसा जमलेला असेल तर तारेनं खरवडण्यापेक्षा पाइपच नवा घाला. पण कोळशापेक्षाही जास्त वेळा सापडतो तो सिलिकॉनचा गोळा. मागच्या वेळी कुणीतरी पॅकिंगला हात सैल सोडून ट्यूब चोपडलेली असते. बोल्ट आवळला की ते सिलिकॉन आत सरकतं आणि अर्धं भोक बुजवतं. बाहेरून जोड छान दिसतो. या जोडाला कोरडं पॅकिंगच हवं, सिलिकॉन नको. पाइप रबरी असेल तर तो कुठे पिचकला आहे का, उष्णतेनं आतून फुगला आहे का तेही बघा. आणि हे सगळं करण्याआधी डिपस्टिक ओढा. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून एखादा लिटर वर ओतायची सवय आपल्याकडे फार आहे, पण खुणेच्या वर गेलेलं तेल परतीचं तोंड बुडवतं. नव्या बीएस-6 गाड्यांत पातळी आपोआपही वाढते. धुरातली काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली, जसं गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारताना होतं, की जास्तीचं डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिक वर सरकली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर तेल बदला.

सायलेन्सरच्या बाजूचा निकाल एका गोष्टीवर लागतो. टर्बो सोडवताना मॅनिफोल्डच्या आत बघा. वायू टर्बोत शिरण्याआधीच तिथे ओलं तेल असेल, तर ते सिलिंडरमधून आलं आहे. रिंग किंवा व्हॉल्व्हची सीलं बघा. मॅनिफोल्ड कोरडं आणि टर्बोच्या पुढचा पाइप ओला असेल तरच टर्बोवर बोट ठेवता येतं. तेव्हाही आधी परतीचा पाइप आणि पोटातला दाब निर्दोष ठरलेला हवा. निळ्या धुराची वेळही बोलते. धान खरेदी केंद्राच्या रांगेत गाडी तासभर आयडलवर राहिली आणि निघताना एकदाच निळा लोट आला, मग साफ झाला, तर घाबरू नका. आयडलवर दोन्ही पंख्यांकडचा दाब नगण्य असतो, म्हणून थोडं तेल झिरपतं. भारावर गाडी आली की ते जळून जातं.

सगळ्यात शेवटी शाफ्टचा प्ले. गॅरेजात हीच तपासणी सर्वांत आधी होते, आणि तिथेच गाडं चुकतं. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना पंख्याचा नट दोन बोटांत धरा. पाती धारदार असतात, त्यांना धरू नका. वर-खाली, डावी-उजवीकडे थोडा हलणं बरोबर आहे, कारण बुशभोवतीचं तेल आत्ता निथळलेलं आहे. दाबून फिरवल्यावर पात घराला घासत असेल तर बुश गेले. पुढे-मागे मात्र तो जवळजवळ हलायलाच नको. तिथे खटका स्पष्ट जाणवला तर थ्रस्ट झिजला आहे आणि टर्बो खरोखर कामाचा राहिलेला नाही. शंका असेल तर डायल गेज लावून मोजा आणि त्या मॉडेलचा आकडा बघा.

महागड्या स्पोर्ट्स कारचा मालकही याच वाटेनं जातो, दोन-तीन गोष्टी तेवढ्या वाढतात. पेट्रोलचा वायू साडेनऊशे अंशांच्याही वर जातो, म्हणून तिथे मधल्या घराभोवती पाणी खेळवलेलं असतं आणि तेलाबरोबर कूलंटची गळतीही पाहावी लागते. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागतं. बाहेरून बसवताना पाइपात अरुंद भोकाचा बोल्ट घातला नाही तर तेल जास्त होऊन सीलांवरून सांडतं. पोर्शे 911 टर्बोत इंजिन आडवं पसरलेलं असल्यानं टर्बो खाली येतात आणि तेल आपल्या वजनानं परत जाऊ शकत नाही. ते उपसायला वेगळा पंप दिलेला आहे. तो थकला की गाडी सुरू होताच धुराचा ढग सोडते. कोटींची गाडी असो नाहीतर हार्वेस्टर, आधी परतीची वाट बघायची.

गळती लहान असली तरी दोन धोके लक्षात ठेवा. तापून लाल झालेल्या घरावर तेल सांडलं तर आग लागते, आणि हार्वेस्टरभोवती तणस पसरलेलं असतं. दुसरा धोका डिझेल इंजिन बेफाम होण्याचा. हवेच्या बाजूला भरपूर तेल शिरलं की इंजिन तेच जाळत सुटतं. चावी बंद करूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडून गाडी बंद पाडा. यंत्र उभं असेल तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा तोडा. हात, गमछा, पोतं लावू नका, पंखा ओढून घेतो.

खरंच टर्बो बदलावा लागला, तर तेल आणि ऑइल फिल्टर नवं हवं, तेलाचा बारीक पाइप नवा किंवा आरपार साफ केलेला हवा, एअर फिल्टर नवा हवा. बसवताना वरच्या भोकातून थोडं स्वच्छ तेल ओता, पंखा हातानं फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत तेल टर्बोपर्यंत पोचू द्या. पुढे रोजच्या वापरात सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. भारावरून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून कोळसा होतं, आणि परतीच्या पाइपात सापडणारा काळा थर तिथूनच येतो.

जुना टर्बो गॅरेजात सोडून येऊ नका, मिस्त्रीकडून मागून घ्या आणि उघडून बघायला सांगा. शाफ्ट निळा-जांभळा पडला असेल तर तेल कमी पोचलं, पाइप किंवा पंप बघा. बुशवर गोल ओरखडे असतील तर तेल घाण होतं. हवेच्या पंख्याच्या पाती झिजून धारदार झाल्या असतील तर फिल्टरमधून भुसा-माती गेली. आणि शाफ्ट चकचकीत, बुश शाबूत, पाती धड, फक्त सगळं तेलानं माखलेलं असेल, तर टर्बो चांगलाच होता. अशा वेळी नवा चालवायला घेण्याआधी परतीचा पाइप, ब्रीदर आणि एअर फिल्टर दुरुस्त करून घ्या.